मोटारीची काच, पावसाचे पाणी व विजेचे बिघाड

कौलारू घरात ज्यांचे बालपण गेले आहे, त्यांस पहिल्या पावसाचा एक अनुभव खचित आठवत असेल. रात्री अंथरुणावर टपटप थेंब पडू लागत. घरची मंडळी उठून त्या जागी तपेले ठेवीत. आणि सकाळी शिडी लावून जो कोणी वर चढे, तो तपेल्याच्या बरोबर माथ्यावरील कौल उचलून पाही, तो ते अगदी धड निघे. फुटके कौल असे चार हात वर, आढ्याजवळ. पाणी तेथून आत शिरे, वाशाच्या पोटास चिकटून खाली उतरे आणि वाशाला जेथे एखादी गाठ असे तेथे ठिबके. जेथे थेंब पडतो तेथे भोक असतेच असे नाही, हा धडा आमच्या आजी-आजोबांनी पदार्थविज्ञान न शिकता मिळविला होता.

हाच धडा प्रस्तुत लेखकास मोटारगाडीच्या निमित्ताने पुन्हा एकदा, आणि तोही बराच पैसा व थोडी लाज खर्चून, शिकावा लागला. तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे लिहितो.

आमच्या घरी एक जुनी विकत घेतलेली मोटार आहे. सन २०२३ च्या मे महिन्यात पुढे चाललेल्या मालट्रकच्या चाकाखालून खडा उडाला व गाडीच्या समोरच्या काचेस तडा गेला. नवी काच बसवून घेतली. जूनचा अर्धा महिना सुखाने गेला. पुढे पाऊस लागताच गाडीचे वागणे बदलले. सकाळी बॅटरी उतरलेली असे. वायपर आपोआप एकदोन हेलकावे घेई. कधी हॉर्न मुका होई, तर कधी फ्यूज उडे. दोन दिवस ऊन पडले की गाडी पुन्हा शहाण्यासारखी चाले! पहिल्या कारागिराने बॅटरी बदलली, दुसऱ्याने हॉर्न बदलला, तिसऱ्याने फ्यूज बदलून दिले. मी मात्र त्याहून सोपा मार्ग काढला. आमचा बारा वर्षांचा मुलगा गाडीत बसून वाचीत असे. तोच आतला दिवा चालू ठेवतो व म्हणून बॅटरी उतरते, असे ठरवून मी त्याची कानउघाडणी केली. त्याने ‘मी दिवा लावलाच नव्हता’ असे दोनदा सांगितले. मी ऐकले नाही.

अखेर जुलैमध्ये एके रात्री वाईहून पाचगणीस जात असता, पसरणीच्या घाटात ऐन वळणावर पुढचे दिवे मंद झाले व विझले. बाहेर धुके, वर पाऊस, एका अंगास दरी, आणि गाडीत पत्नी व मुलगा. गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूस लावून आम्ही तासभर बसून राहिलो. त्या तासात मला प्रथमच वाटले की, हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे.

आता या बिघाडाचे शास्त्र पाहू. मोटारीची समोरची काच ही साधी काच नसून काचेच्या दोन पत्र्यांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. त्यामुळे ती फुटली तरी तुकडे उडत नाहीत. एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने सन १९०९ मध्ये अशा काचेचे पेटंट घेतले. पूर्वीच्या मोटारींत ही काच रबराच्या पट्टीत बसवीत. अलीकडच्या गाड्यांत ती पॉलियुरेथेन नामक चिवट डिंकाने गाडीच्या पत्र्यास चिकटविलेली असते. हा डिंक हवेतील ओलावा शोषून हळूहळू घट्ट होतो. म्हणून नवी काच बसविल्यावर काही तास गाडी हलवू नये असे सांगतात. तसेच ज्या पत्र्यावर डिंक लावावयाचा तो स्वच्छ, कोरडा व गंजरहित असावा लागतो. जुनी काच काढताना पात्याने रंग खरवडला गेला आणि त्यावर अस्तर दिले नाही, तर तेथे गंज धरतो, गंजाचा पापुद्रा सुटतो आणि त्याबरोबर डिंकही सुटतो. केसाएवढी फट पडली तरी पुरे. बारीक फटीत पाणी आपोआप ओढले जाते. टिपकागद शाई ओढतो, त्यातला हाच केशाकर्षणाचा धर्म येथेही काम करतो.

आत आलेले पाणी काचेवरून ओघळत नाही, म्हणून ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ते छताच्या अस्तरामागून, काचेच्या कडेच्या खांबाच्या पोकळीतून खाली उतरते. त्याच खांबातून बहुधा तारांची जुडीही गेलेली असते. वाशाने जे काम केले तेच ही जुडी करते. पाणी तिच्या अंगावरून वाट काढीत थेट डॅशबोर्डाखालच्या फ्यूजपेटीत पोहोचते. उरलेले पाणी पायाखालच्या सतरंजीच्या आतील स्पंजात मुरते व तेथे आठवडेच्या आठवडे राहते. वरून सतरंजी कोरडी दिसते, परंतु खाली तारांचे जोड ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखे असतात.

पाण्याने विजेचे काय बिघडते, असा प्रश्न येईल. शुद्ध पाणी विजेचे वाहक म्हणून अगदी मंद आहे. परंतु धूळ, माती व क्षार मिसळलेले पाणी वीज वाहून नेते. त्यामुळे ज्या दोन तारांचा परस्परांशी संबंध नसावा, त्यांच्यामध्ये थोडा प्रवाह सुरू होतो. आजच्या गाडीत पुष्कळशी कामे लहान लहान विद्युत्‌नियंत्रक करतात. त्यांस हा चोरटा प्रवाह म्हणजे कोणीतरी बटण दाबल्याची खूण वाटते. वायपर आपोआप हलतो तो भुताटकीने नव्हे, तर याच कारणाने. दुसरी गोष्ट अशी की, ओल व वीज एकत्र आली म्हणजे तांब्याचे जोड झिजून त्यांवर हिरवट थर चढतो. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवल्यास ते कळकते, हे घरोघरी ठाऊक आहे. तारांचे जोडही तसेच कळकतात. हा थर विजेस अडथळा करतो.

अडथळ्याचा हिशेब करण्याचा नियम गेओर्ग ओम याने सन १८२७ मध्ये प्रसिद्ध केला. हा गृहस्थ जर्मनीतील कोलोन येथे शाळाशिक्षक होता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. समजा, पुढचा दिवा ६० वॅटचा असून त्यास १२ व्होल्टचा दाब मिळतो. तर प्रवाह ५ अँपिअर आणि दिव्याचा रोध २.४ ओम. आता कळकलेल्या जोडाचा अवघा ०.६ ओम रोध त्यात मिळवा. एकूण रोध ३ ओम, म्हणून प्रवाह ४ अँपिअर. दिव्यास मिळणारा दाब ९.६ व्होल्ट, म्हणजे त्याची शक्ती सुमारे ३८ वॅट. (तापलेल्या तारेचा रोध थोडा बदलतो, ती बारीक गोष्ट येथे सोडली आहे.) दिवा मंद का झाला ते यावरून कळेल. परंतु हिशेब येथे संपत नाही. त्या जोडात ९ वॅटहून अधिक शक्ती उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. तो जोड तापतो, त्याचे प्लॅस्टिक वितळते, आणि एके दिवशी संबंधच तुटतो. आमचा दिवा घाटात विझला तो असा.

आता बॅटरीचा हिशेब पाहा. ओलाव्यामुळे एखादा नियंत्रक रात्रभर जागाच राहिला आणि अर्धा अँपिअर प्रवाह खाऊ लागला, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ७० तासांत, म्हणजे तीन दिवसांच्या आत, रिकामी होते. गाडीच्या आतील ५ वॅटचा दिवा चालू राहिला तरी सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह जातो. म्हणजे गळतीचा परिणाम आणि दिवा विसरल्याचा परिणाम जवळजवळ सारखाच! माझ्या मुलावर मी जो आरोप केला, तो अशा रीतीने दिसावयास अगदी तर्कशुद्ध होता. आणि तरीही तो खोटा होता.

खरे कारण एका वृद्ध मिस्त्रीने शोधून काढले. तो म्हणाला, “मास्तर, गाडी सुकी असताना मला दाखवून काय उपयोग? पाऊस चालू असताना आणा.” त्याने प्रथम एकाही तारेस हात लावला नाही. पायाखालची सतरंजी उचलून स्पंज पिळला, तो ओंजळभर पाणी निघाले. मग त्याने माझ्या हाती विजेरी देऊन मला आत बसविले व बाहेरून नळीने पाण्याची मंद धार सोडली. धार काचेच्या खालच्या कडेपासून आरंभून, प्रत्येक ठिकाणी पाचसात मिनिटे थांबत, वर नेली. एकदम वर धार धरली तर ओघळ सर्वत्र जातो व भोक कोणते ते कळत नाही. डाव्या कोपऱ्याच्या माथ्यावर धार पोहोचल्यावर थोड्या वेळाने खांबाच्या आत पाणी चमकले. काच काढली तेव्हा तेथे दोन बोटे लांबीचा गंज आढळला. फ्यूजपेटी त्या जागेपासून जवळजवळ दोन हात खाली होती.

पालकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, प्रत्येक ओल काचेचीच असते असे नाही. वायपरखालच्या पन्हळीत पाला साचून तिची भोके बुजली, तर पाणी हवेच्या मार्गाने आत येते. सबब पावसाळ्यापूर्वी ती पन्हळ साफ करावी. दुसरी, बाहेरून फटीवर सिलिकोन थापून समाधान मानू नये. आत आलेले पाणी त्यामुळे कोंडून राहते, आणि पुढे त्या जागी खरा डिंक नीट धरत नाही. काच काढून, गंज खरवडून, अस्तर देऊन ती पुन्हा बसविणे हाच उपाय. तिसरी, खांबावरील आवरण स्वतः उचकटू नये. कित्येक गाड्यांत त्यामागे अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या असतात. चौथी, गळती बंद झाल्यावर स्पंज बाहेर काढून पूर्ण वाळवावा आणि कळकलेले जोड साफ करून किंवा बदलून घ्यावे. पाचवी व सर्वांत महत्त्वाची, फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज कदापि घालू नये. फ्यूज हा पहारेकरी आहे. तो ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधले, तर पुढे तार पेटते.

गाडी दुरुस्त होऊन घरी आली त्या सायंकाळी मी मुलाजवळ जाऊन माझी चूक कबूल केली. त्याने क्षणभर विचार करून विचारले, “मग आता गाडीत बसून वाचू ना?” एवढ्यावर आमचा तह झाला.

विद्यार्थी मित्रहो, शाळेत, घरात व पुढे संसारात तुमच्यापुढे अनेक बिघाड येतील. जेथे थेंब पडतो तेथे तपेले अवश्य ठेवा, परंतु तेवढ्यावर निजू नका. पावसातच शिडी लावा, खालून वर शोधीत जा, आणि फुटके कौल हाती लागेपर्यंत जवळच्या माणसास दोष देण्याची घाई करू नका.