ट्रॅक्टरची घरगुती देखभाल आणि फेरबदल : कोठे हात घालावा, कोठे थांबावे

ट्रॅक्टर हे मुळात रस्त्याबाहेर, ढेकळांत, चिखलात आणि धुळीत राबणारे वाहन आहे. म्हणूनच त्याची झीज रस्त्यावरील वाहनापेक्षा वेगळी असते आणि पीक, जमीन व अवजार यांनुसार त्यात फेरबदल करण्याची गरजही वारंवार भासते. यांपैकी बरीच कामे शेतकरी घरच्या घरी करू शकतो. मात्र काही फेरबदल पैसे वाचवितात, तर काही जीव घेतात. हा फरक ओळखण्याची साधी कसोटी अशी : ज्या बदलासाठी उत्पादकाने छिद्र, बोल्ट किंवा खूण ठेवली आहे, तो घरी करावा, ज्यासाठी सील तोडावे, संरक्षक कवच काढावे किंवा सांगाड्यावर वेल्डिंग करावे लागते, तेथे थांबावे.

धूळ हाच पहिला शत्रू

इंजिनाची अकाली झीज बहुधा हवेतून आत जाणाऱ्या धुळीमुळे होते. तेलाच्या एअर क्लीनरमधील वाटी कोरड्या, धुळीच्या हंगामात दररोज पाहावी. तळाशी गाळ साचला असल्यास ती धुऊन, खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. खुणेपेक्षा अधिक तेल भरल्यास ते इंजिनात ओढले जाते. एअर क्लीनर व इंजिन यांना जोडणारी रबरी नळी तडकली असेल, तर क्लीनर स्वच्छ ठेवूनही उपयोग होत नाही. तपासणी सोपी आहे : इंजिन मंद गतीवर चालू असताना क्लीनरचे हवा घेणारे तोंड पूर्ण झाकावे. इंजिन बंद पडले तर जोड घट्ट आहेत. चालूच राहिले तर हवा अन्य वाटेने आत शिरत आहे.

रेडिएटरच्या जाळीतील भुसा, चाकांचे नट, ग्रीसची ठिकाणे, इंजिन तेलाची पातळी आणि बॅटरीतील पाणी यांची तपासणी ठरलेल्या क्रमाने करावी. तेल व फिल्टर बदलण्याचा काळ महिन्यांवर नव्हे, तर अवर मीटरवर आणि माहितीपुस्तिकेनुसार ठरवावा. दिवसाचे काम संपताच डिझेलची टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाण्याचे थेंब धरतात व ते इंधनात उतरतात.

घरी करता येणारे फेरबदल

मागील चाकांची रिम व डिस्क उलटसुलट बसवून दोन चाकांमधील अंतर बदलता येते. ओळींतील पिकात हे अंतर पिकाच्या अंतराशी जुळवावे. उताराच्या जमिनीवर ते शक्य तितके रुंद ठेवल्यास ट्रॅक्टर बाजूला उलटण्याचा धोका कमी होतो. भातखाचरात चिखलणीसाठी केज व्हील उपयुक्त ठरतात; परंतु रस्त्यावर येण्यापूर्वी ती काढलीच पाहिजेत.

वजन वाढवावे की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. मागील चाकावर खडूने खूण करून, त्याच गिअरमध्ये, अवजार उचललेले असताना 10 फेऱ्यांत कापलेले अंतर मोजावे. मग अवजार जमिनीत असताना पुन्हा मोजावे. पहिले अंतर 40 मीटर व दुसरे 35 मीटर आले, तर घसरण 12.5 टक्के होते. साधारणपणे 8 ते 15 टक्के घसरण योग्य मानली जाते. त्याहून अधिक असल्यास चाकांना वजने लावावीत किंवा टायरचा व्हॉल्व्ह वरच्या बाजूस ठेवून सुमारे तीन चतुर्थांश पाणी भरावे. घसरण 8 टक्क्यांहून कमी असेल, तर अनावश्यक वजन वाहून डिझेल वाया जाते आणि जमीनही दबते. मागे जड अवजार उचलताना पुढील चाकांवर एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे; अन्यथा सुकाणू हलके पडते.

येथे थांबावे

ओढायचे ओझे ड्रॉबारलाच जोडावे. ओढ मागील आसाच्या खालून लागते तोवर पुढील भाग उचलला जाण्याची शक्यता कमी असते. तीच ओढ टॉप लिंकच्या जागेवरून किंवा आसावरून घेतली, तर ट्रॅक्टर क्षणार्धात मागे उलटतो. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांना ओंडका बांधणे याच कारणाने प्राणघातक आहे : चाके फिरू शकत नाहीत, म्हणून ट्रॅक्टरच आसाभोवती फिरतो. अशा वेळी चाकांमागील चिखल खणून मागे घ्यावा किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावा.

540 फेऱ्यांच्या पी.टी.ओ.चा शाफ्ट सेकंदाला 9 वेळा फिरतो. त्यात धोतराचा, ओढणीचा किंवा साडीचा पदर अडकल्यावर हात मागे घेण्यास वेळच उरत नाही. म्हणून त्यावरील कवच कधीही काढू नये. इंधन पंपाचे सील तोडून शक्ती वाढविल्यास काळा धूर, अतिउष्णता आणि इंजिनाची हानी पदरी पडते.

गावात वेल्डिंग करून बसविलेले छत सावली देते, संरक्षण देत नाही. उलटल्यावर चालकाला वाचविते ती चाचणीत उतरलेली संरक्षक चौकट, आणि तीही सीटबेल्ट लावला असेल तरच. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट 1959 मध्येच सक्तीची केली. शिवाय, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

हंगामापूर्वी गावात एकच प्रात्यक्षिक घ्यावयाचे झाल्यास घसरण मोजणे आणि ड्रॉबारची योग्य जोडणी, ही दोन निवडावीत. पहिल्याने डिझेल वाचते, दुसऱ्याने माणूस. अधिक प्रशिक्षणासाठी बुदनी, हिस्सार, गार्लदिन्ने आणि बिश्वनाथ चारियाली येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थांशी संपर्क साधावा.