मागच्या चाकाची तरफ

मोटरसायकलच्या मागच्या चाकाकडून आपण दोन परस्परविरोधी अपेक्षा करतो. बारीक खडीवर ते मऊ असावे आणि खोल खड्ड्यात कणखर. स्प्रिंग मऊ घेतली तर खड्ड्यात ती तळ गाठते. कडक घेतली तर खडीचा प्रत्येक दाणा पाठीला मोजावा लागतो.

यावरचा उपाय मोटोक्रॉस शर्यतींतून पुढे आला. १९७०च्या दशकात यामाहाने मागे दोनऐवजी एकच शॉकअप बसवला. १९८०च्या सुमारास कावासाकीचे ‘युनि-ट्रॅक’, होंडाचे ‘प्रो-लिंक’ आणि सुझुकीचे ‘फुल फ्लोटर’ आले. या तिघांनी चाक धरणारा चिमटा आणि शॉकअप यांच्यामध्ये एक छोटी तरफ घातली. आपल्याकडे २०१६च्या रॉयल एनफिल्ड हिमालयनमध्ये ती आहे.

अडकित्त्यात सुपारी खिळीपासून जितकी दूर, तितका हाताला जोर जास्त लागतो. इथे तरफ फिरता फिरता हे अंतरच बदलते. समजा, सुरुवातीला चाक ३ मिलिमीटर चढले की शॉकअप १ मिलिमीटर दबतो आणि शेवटी हे प्रमाण २ला १ होते. चाकाला जाणवणारा कडकपणा या प्रमाणाच्या वर्गानुसार ठरतो: आधी स्प्रिंगच्या एक नवमांश, मग एक चतुर्थांश. स्प्रिंग तीच, पण ढोबळ हिशेबाने ती सव्वादोन पट कडक भासते.

हा सारा हिशेब सुईसारख्या रोलरांच्या बेअरिंगवर चालतो. बहुतेक गाड्यांत त्यांची जागा चिमट्याखाली, थेट चिखलाच्या माऱ्यात असते. धुलाईचा जोरदार फवारा सीलमधून पाणी आत ढकलतो. ग्रीस जाते, गंज येतो. मग तरफ जड होते, गाडी कडक वाटू लागते आणि दोष शॉकअपच्या माथी बसतो. तरफ न उघडताच शॉकअप बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. खर्च झाला, धक्के तसेच राहिले.

म्हणून पावसाळा संपला की मी एवढे तपासतो. गाडी मेन स्टँडवर लावून मागचे चाक हाताने वर उचलायचे. शॉकअप दबण्याआधीच ‘टक्’ झाले, तर बहुधा कुठेतरी प्ले आला आहे. वर्ष-दोन वर्षांनी चाकाला खालून आधार देऊन तरफ उतरवावी, बेअरिंग धुऊन पाण्यात टिकणारे ग्रीस भरावे आणि आतल्या बुशवर चरे असतील तर दोन्ही बदलावेत. बोल्ट मात्र कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच आवळावेत, कारण मागच्या चाकाचा सगळा भार त्यांच्यावरच येतो.