स्वमग्नतेतील अतिसंवेदनशीलता : मेंदूविषयक आधार

शाळेची घंटा, पोळ्यातील वाजंत्री किंवा गणवेशाची टोचणारी शिवण असह्य होऊन स्वमग्न मूल कान झाकते, रडते. टेंभुर्णीसारख्या गावात यास सहसा हट्ट समजले जाते. वस्तुतः अशा मुलांना वाटणारी मोठ्या आवाजाची भीती लिओ कॅनर यांनी १९४३ मध्येच नोंदविली होती. तथापि अमेरिकन निदानपुस्तिकेत संवेदनांविषयीचा स्पष्ट निकष २०१३ मध्ये आला.

सर्वसाधारणपणे मेंदू पुन्हापुन्हा येणाऱ्या उद्दीपकास सरावतो व त्याचा प्रतिसाद मंदावतो. शुलामाइट ग्रीन व सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस येथे केलेल्या प्रतिमांकन-अभ्यासांत (२०१३, २०१५) असे आढळले की, अतिसंवेदनशील स्वमग्न मुलांमध्ये संवेदनाग्राही बाह्यक आणि भीतीशी निगडित अमिग्डाला यांचा प्रतिसाद तीव्र असतो व तो लवकर ओसरत नाही.

म्हणूनच ‘सवय होईल’ या अपेक्षेने मुलास गोंगाटात बसविणे अयोग्य ठरते. घंटेपासून दूरची जागा, आवाजाची पूर्वसूचना, मऊ कपडे हे उपाय खर्चिक नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश असल्याने अशी सोय ही शिक्षकाची कृपा नसून विद्यार्थ्याचा हक्क आहे.