पुरानापूल : शहराच्या आधी आलेला पूल

हैदराबादचं वय आपण चारमिनारपासून, म्हणजे १५९१ पासून मोजतो. पण मुसी नदीवरचा पुरानापूल त्याहून १३ वर्षांनी मोठा आहे. इब्राहिम कुतुबशहाच्या काळात, १५७८ मध्ये, तो बांधून झाला. शहरासाठी पूल बांधला असं नाही. पूल होता म्हणून पलीकडे शहर वसवता आलं.

लोककथा वेगळं सांगते. राजपुत्र महंमद कुली भागमतीला भेटायला भर पुरात घोडा घालायचा, म्हणून काळजीपोटी बापाने पूल बांधला. गोष्ट गोड आहे, पण हिशोब बसत नाही. पूल झाला तेव्हा हा राजपुत्र जेमतेम १३ वर्षांचा होता! खरं कारण नकाशाच सांगतो. गोवळकोंडा नदीच्या उत्तरेला. किल्ल्यात दाटी वाढलेली आणि मोकळी जमीन दक्षिणेला. गोवळकोंडा, कारवान, पुरानापूल, चारमिनार हा रस्ता आजही चालून पाहता येतो.

आता बांधणी पाहू. पुलाला २२ टोकदार कमानी आहेत. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र सोसत नाही. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबूनच जागेवर राहतो, त्यामुळे लोखंडाची गरज पडत नाही. जाडजूड खांब नदीची वाट थोडी अडवतात खरे, पण पुरात त्यांचं वजनच कामी येतं.

२८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने याची परीक्षा घेतली. अफझल, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे नंतरचे पूल मोडले. पुरानापूल उभा राहिला. पुढे त्याची दुरुस्ती झाली. त्या पुरानंतरच विश्वेश्वरय्यांना पाचारण केलं गेलं आणि उस्मानसागर, हिमायतसागर हे जलाशय झाले.

आज वाहनं शेजारच्या नव्या पुलावरून जातात आणि जुन्यावर भाजीबाजार भरतो. माणसांची वर्दळ अशा पुलाला बाधत नाही. बाधतात ती सांध्यांत रुजणारी पिंपळाची रोपं आणि चुन्याच्या जागी थापलेलं सिमेंट. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं आणि मग दगडच झिजतो. म्हणून जतन म्हणजे नुसता फलक लावणं नव्हे. रोपं लहान असतानाच काढायची आणि सांधे चुन्यानेच भरायचे, एवढं नेमाने झालं पाहिजे. चारमिनार पाहायला जाल तेव्हा आधी या पुलावरून पायी जा. शहराचा क्रम तोच आहे.