पोटखराब्यातलं पाणी

गावाचा जमीनवापर आराखडा करायला बसलं की दोन कागद शेजारी ठेवले जातात. एक भूमी अभिलेख विभागाचा गाव नकाशा, दुसरं उपग्रहाचं चित्र. सिंधुदुर्गातल्या एका गावात असं काम करणाऱ्या अभ्यासगटाबरोबर मी हिंडत होते. गाव नकाशावर जमिनीच्या प्रत्येक गटाची हद्द असते, पण झरे कुठे फुटतात ते त्यावर कळत नाही. उपग्रहाचं स्वच्छ चित्र मिळतं ते बहुधा कोरड्या महिन्यांत, कारण पावसाळ्यात कोकणावर ढग असतात. त्या चित्रात गावावरचा जांभ्याचा सडा, म्हणजे दगडी पठार, ओसाड खडक दिसतो. सातबाऱ्यावरही सड्याचा बराच भाग पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य. मग चिरेखाण, प्लॉट, प्रकल्प, काहीही तिथे चालेल असं कागदावर वाटू लागतं.

म्हणून अभ्यासगट भर पावसात सडा चढला. पायाखाली भोकाभोकांचा काळपट तांबूस दगड, खळग्यांत घोटाभर पाणी. त्याच्या कडेने गेंदाची पांढरी बोंडं आणि सीतेच्या आसवांची जांभळी फुलं. इथली माती बोटभर जाड आणि निकस. म्हणून ही सीतेची आसवं जमिनीतल्या इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून आपली भूक भागवतात. पुढे चालणारे गावातले एक वयस्क शेतकरी दर थोड्या अंतरावर काठी टेकवून थांबत. "सड्यार पाणी जिरता म्हणान खालच्या बावीक पाणी आसता," ते म्हणाले. मोबाइलवर ती जागा नोंदली गेली.

त्यांचं म्हणणं भूशास्त्राला धरून आहे. सच्छिद्र जांभ्यातून पाणी खाली उतरतं, चिकणमातीच्या थरावर अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. त्यावर माड-पोफळीची बाग आणि नळयोजना चालते. अभ्यासगटाने प्रत्येक झऱ्याखाली बादली धरली आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहिलं. हेच मोजमाप दिवाळीनंतर आणि पुन्हा एप्रिलात. उन्हाळ्यातही टिकणारे झरे कोणते, त्यांना सड्याचा कोणता भाग पाणी पुरवतो, हे त्यातून उमगत गेलं. ते भाग मग गट नंबरांसह नकाशावर रंगवले.

तो नकाशा देवळाच्या सभामंडपात पसरला, तेव्हा बायकांनी आणखी भर घातली: गवत कुठलं, गुरांची वाट कुठली, कुठली विहीर कधी आटते. चिरेखाणीत काम करणाऱ्यांनी रोजगाराचं काय, असं विचारलं. प्रश्न रास्त होता. झऱ्यांना पाणी पुरवणारे गट निश्चित झाले होते, म्हणूनच बाकीच्या जागेवर खाणीबद्दल बोलता आलं.

पश्चिम घाटातलं संवेदनशील क्षेत्र ठरवण्याच्या वादात नेमकं हेच, गटागटाने पाहून हद्द ठरवणं, राहून गेलं. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये संवेदनशील भागांचे तीन स्तर सुचवले आणि त्यांच्या हद्दी ग्रामसभांशी बोलून पक्क्या कराव्यात असं सांगितलं. कस्तुरीरंगन कार्यगटाने २०१३ मध्ये उपग्रहाच्या आधारे सुमारे ३७ टक्के क्षेत्र निवडलं, पण एकक धरलं अख्खं गाव. घर, बाग, सडा, सगळ्याला एकच रंग. आपल्या घराचं काय होणार, ही भीती त्यातून पसरली. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा २०१४ मध्ये निघाला. सहावा जुलै २०२४ च्या अखेरीस, वायनाडमध्ये दरडींनी शेकडो जीव घेतल्यानंतर लगेचच.

मला वाटतं, कोकणातल्या प्रत्येक गावाच्या आराखड्यात एका पावसाळ्याची पाहणी सक्तीची हवी. झऱ्यांची वही आणि त्यांना पाणी देणाऱ्या गटांची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी, मगच मंजुरी मागावी. हे काम फार खर्चाचं नाही. बादली, घड्याळ आणि सडा ओळखणारी माणसं गावातच आहेत. झऱ्यांची ही नोंद सरकारी दप्तरात जायला हवी. ती गेली, तर पोटखराबा म्हणून लिहिलेल्या गटावर खाणीचा अर्ज आला की तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला आधी पाहावं लागेल, या दगडाखालचं पाणी कोणाच्या विहिरीत जातं.