जिभेची तक्रार

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या फराळाला मी बशीतला चिवडा तसाच ठेवून दिला, तेव्हा एका वहिनींनी विचारले, "काय हो सर, यंदा चिवडा जमला नाही वाटतं?" चिवडा उत्तम होता. बिघडली होती माझी जीभ. ती लालबुंद झाली होती, कडांना सुजली होती आणि आरशात पाहिली तर घासून गुळगुळीत केल्यासारखी दिसत होती. शेवेचे चार कण तोंडात पडले तरी डोळ्यांत पाणी येई. गरम चहा तर केव्हाच सुटला होता.

आपल्याकडे तोंड आले की निदान ठरलेले असते : उष्णता. इंग्लंडच्या थंडीत उष्णता कुठून येणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मीही विचारला नाही. रात्री जिभेला साजूक तूप, दुधात सब्जा, दाढेखाली ज्येष्ठमधाची काडी, पुण्याच्या ताईने पाठवलेला गुलकंद, सगळे झाले. तासभर गार वाटायचे आणि पुन्हा चरचर सुरू. डॉक्टरांकडून दोनदा गुळण्यांचे औषध आणले. असे चार महिने गेले.

उलगडा झाला तो भलत्याच ठिकाणी. मधुमेहाच्या वार्षिक तपासणीत नर्सबाई तळपायांना नायलॉनचा बारीक तंतू टेकवतात आणि "लागलं की सांगा" म्हणतात. मी गप्पच राहिलो, कारण मला काही लागलेच नाही. मग त्यांनी विचारपूस केली. मेटफॉर्मिन किती वर्षे घेता? चौदा. मांस, मासे, अंडी? जन्मात नाही. दूध? चहापुरते. आणखी काही त्रास? मी जीभ दाखवली. त्यांनी लगेच रक्त काढायला सांगितले. बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले.

इथे मला स्वतःची लाज वाटली. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने बी-१२च्या रेणूची रचना कशी उलगडली, हे मी दरवर्षी रंगवून सांगत असे. ते काम १९५६चे. त्यांना १९६४ साली नोबेल मिळाले. रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू आणि त्या स्फटिकांचा सुंदर लाल रंग, हे सारे मला तोंडपाठ होते. पण त्याच रेणूची उणीव माझ्या तोंडात दिसत होती, ती मात्र ओळखता आली नाही.

जीभच का दुखते? जिभेवरच्या पेशी झपाट्याने झिजतात आणि तितक्याच झपाट्याने नव्या तयार होतात. नव्या पेशीसाठी डीएनए लागतो आणि तो घडवायला बी-१२ व फोलेट दोन्ही हवेत. पुरवठा आटला की जिभेवरचे बारीक उंचवटे नाहीसे होतात आणि ती गुळगुळीत, हुळहुळी होते. लोह कमी पडले तरीही असे होऊ शकते.

बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, दही, पनीर, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. रोजची गरज जेमतेम दीड मायक्रोग्रॅमची आणि यकृतात काही वर्षांचा साठा असतो. म्हणून तूट लवकर कळत नाही. शिवाय नुसते खाऊन भागत नाही, ते शोषले गेले पाहिजे. त्यासाठी जठरातले आम्ल आणि एक विशिष्ट प्रथिन लागते. वयोमानाने आम्ल कमी होते. आम्लपित्तावरच्या ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या ते आणखी कमी करतात, आणि मेटफॉर्मिन शोषणात अडथळा आणते. साठी उलटलेला, शाकाहारी, मधुमेही मराठी माणूस या सर्वच यादीत बसतो.

या कथेत मुंबईही आहे. लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ साली तिथे गेली. गिरणगावातल्या गरीब गर्भवती बायकांना होणाऱ्या रक्तक्षयाचे कारण तिला शोधायचे होते. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिला आढळले की यीस्टपासून केलेल्या मार्माइटने तो बरा होतो. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. पुढे त्यातला गुणकारी घटक फोलेट असल्याचे कळले. इथल्या दुकानातली ती काळी चिकट बरणी पाहून आपण नाक मुरडतो, पण परळच्या किती बायकांवर तिचे उपकार आहेत!

मात्र फोलेट आणि बी-१२ एकमेकांची जागा घेत नाहीत. बी-१२ची तूट असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळ्या सुरू करू नका, आधी रक्त तपासून घ्या. मेटफॉर्मिनही मनाने बंद करू नका.

तोवर जिभेला आराम हवाच. तिखट, आंबट, कढत पदार्थ टाळा. गार दूध, दहीभात, मऊ खिचडी घ्या. ब्रश मऊ वापरा. फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट घेऊन पाहा. पांढरा थर दिसला तर बुरशी असू शकते, मधुमेहात आणि दम्याचा पंप घेणाऱ्यांत ती होते. आणि एखादी जखम, गाठ किंवा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही तर डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवाच. तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

मला एक दिवसाआड इंजेक्शने सुरू झाली. कुपीतले औषध लाल होते, अगदी मी वर्गात सांगत असे तसे. काही आठवड्यांत जीभ पूर्ववत झाली. पाय मात्र पूर्ण सुधारले नाहीत, डाव्या तळव्याला अजून जमीन नीट कळत नाही. जीभ चार महिने सांगत होती आणि मी तिला तूप लावून गप्प करत होतो.

यंदाच्या फराळाला मी येतोय. वहिनी, चिवडा जरा तिखटच करा.