जुन्या मोटारीचा वायरिंग डायग्राम कसा वाचावा?

आज आपण जुन्या मोटारीचा वायरिंग डायग्राम वाचायला शिकणार आहोत. उदाहरणासाठी १९६२ साली आलेली एमजीबी ही दोन सीटची ब्रिटिश गाडी घेऊ. हिच्या तारांचे रंग लुकास पद्धतीचे आहेत. ते एकदा कळले की त्या काळातल्या मॉरिस, ऑस्टिन, ट्रायम्फ यांचे डायग्रामही बऱ्यापैकी वाचता येतात.

आमच्याकडे अशीच एक एमजीबी आली होती. तक्रार विचित्र होती. रात्री साइड लाइट चालू असताना डावा इंडिकेटर दिला, की मागचा डावा इंडिकेटर नीट पेटत नसे, आणि त्याच्या शेजारचा लाल दिवा मात्र त्या तालावर मंद-तेज होई. ‘अख्खं वायरिंग बदला’ असा सल्ला मालकांना मिळाला होता. आम्ही आधी डायग्राम उघडला.

पहिली गोष्ट: डायग्राममध्ये वस्तूंच्या जागा शोधू नका. कागदावर बॅटरी फ्यूज बॉक्सच्या शेजारी दिसेल. प्रत्यक्षात या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे बसवलेल्या आहेत आणि फ्यूज बॉक्स पुढे बॉनेटखाली आहे. डायग्राम सांगतो ते एवढंच, की कोण कोणाला जोडलेलं आहे. प्रत्येक वस्तूला आकडा दिलेला असतो आणि त्याची यादी सोबत असते. दोन रेषा एकमेकींना छेदतात म्हणून त्या जोडलेल्या आहेत असं समजू नका. जोड कसा दाखवलाय, ठिपक्याने की आणखी कशाने, ते आधी पाहून घ्या.

दुसरी गोष्ट रंगांची. डायग्रामवर रंगांची इंग्रजी अक्षरं असतात. बी म्हणजे काळा, यू म्हणजे निळा आणि एन म्हणजे तपकिरी. तिन्ही रंगांची इंग्रजी नावं बी पासूनच सुरू होतात, म्हणून ही युक्ती. दोन अक्षरं असतील तर पहिलं मुख्य रंगाचं आणि दुसरं त्यावरच्या बारीक पट्टीचं. आता अर्थ बघा:

तपकिरी – थेट बॅटरीवरून, कायम जिवंत, फ्यूज नाही.
पांढरा – किल्ली फिरवल्यावर जिवंत, फ्यूज नाही.
हिरवा – किल्लीनंतर, फ्यूजमधून आलेला.
जांभळा – कायम जिवंत, पण फ्यूजमधून आलेला.
निळा – हेडलाइट. लाल – साइड आणि टेल लाइट.
काळा – अर्थिंग.

हिरव्यावर लाल पट्टी म्हणजे डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी म्हणजे उजवा, हिरव्यावर जांभळी म्हणजे ब्रेकचा दिवा. म्हणजे नुसता रंग पाहून तार कुठून आली आणि तिला फ्यूजचं संरक्षण आहे की नाही, हे समजतं.

हे संरक्षण फार महत्त्वाचं आहे. सुरुवातीच्या एमजीबीत फ्यूज दोनच, प्रत्येकी ३५ अँपिअरचे. एकावर हॉर्न, दुसऱ्यावर इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, वायपर वगैरे. हेडलाइटला फ्यूजच नाही! तपकिरी तारेचं आवरण घासून ती पत्र्याला टेकली, तर तिला थांबवणारं काही नाही. तार लाल होते आणि शेजारच्या तारा पेटतात. म्हणून हात घालण्याआधी बॅटरी सोडवा, आणि त्यातही अर्थिंगची बाजू आधी.

इथे एक सावधगिरी. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे, त्यानंतर मायनस. त्यामुळे ‘तपकिरी म्हणजे प्लस’ असं पाठ करू नका. गाडी कोणत्या सालची आहे ते पाहा आणि त्याच सालचा डायग्राम घ्या. नवीन रेडिओ उलटा जोडला तर एका क्षणात जळतो.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते मुख्य: एका वेळी एकच सर्किट वाचा, आणि पूर्ण वाचा. बॅटरी, स्विच, दिवा इथपर्यंत सगळे जण येतात. पण दिव्यापासून बॅटरीपर्यंतची परतीची वाट कोणी पाहत नाही, कारण ती बहुतेक बॉडीतूनच असते आणि कागदावर तिची छोटीशी खूण असते.

आता आपल्या गाडीकडे या. त्या दिव्याच्या घरात लाल दिवा, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर, तिघांचं अर्थिंग एकच. ते गंजलेलं असेल तर लाल दिव्याचा प्रवाह शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरून दुसऱ्या दिव्यांमार्गे अर्थ गाठतो. इंडिकेटरच्या तारेत वीज आली, की ती वाट अडते आणि लाल दिवा मंद होतो. विचित्र वाटणारी तक्रार कागदावर सरळ दिसली.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक दिव्याच्या घराला आणि दुसरं खरवडलेल्या स्वच्छ पत्र्याला लावा. व्होल्टेज जवळजवळ शून्य हवं. आमच्या मीटरवर इंडिकेटरच्या प्रत्येक उघडझापेबरोबर काही व्होल्ट दिसत होते. पॉलिश पेपरने गंज काढला, स्क्रू आवळला, काम संपलं. नवीन वायरिंगचा खर्च वाचला, आणि साठ वर्षांच्या गाडीतल्या मूळ तारा शाबूत राहिल्या.

घरी एक करून बघा. डायग्रामची मोठी प्रत काढा, रंगीत पेन्सिल घ्या आणि फक्त हॉर्नचं सर्किट रंगवा, बॅटरीपासून परत बॅटरीपर्यंत. एखाद्या मालकाने मध्येच भलत्या रंगाची तार जोडलेली असेल, तर तीही प्रतीवर टिपून ठेवा. पुढच्या वेळी गाडी उघडाल तेव्हा छापील डायग्रामपेक्षा तुमचीच प्रत जास्त उपयोगी पडेल.